बाजार समितीच्या शेडपासून आइस डान्सपर्यंत : खेड्यातल्या पोरांनी सुरुवात कुठून करायची

"मॅडम, हे पोरगी मोबाइलवर बरफावरचा नाच पाहू पाहू पागल झाली. आपल्या इकडे शिकवतेत का हे कुठी?"

मे महिना, सकाळचे साडेसात, आणि शेडचे पत्रे तेवढ्यातच तापायला लागले होते. प्रश्न विचारणारी आई डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून उभी होती आणि पोरगी तिच्यामागे लपून माझ्या स्केट्सकडे बघत होती. मी म्हटलं, बर्फ सोडून बाकी सगळं इथंच शिकता येतं. तिला वाटलं मी गंमत करतेय. पण आइस डान्स हा खेळ समजून घेतला तर हे वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, आणि हा सगळा लेख त्या एका वाक्याचा हिशोब आहे.

आधी माझं सांगते. अमरावतीला बी.पी.एड. करताना मैत्रिणीच्या जुन्या क्वाड, म्हणजे दोन-दोन चाकांच्या जोड्यांच्या, स्केट्सवर मी पहिल्यांदा उभी राहिले. चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये सोलो डान्स केला, राज्य पातळीपर्यंत गेले. बर्फावर आयुष्यात मोजून अकरा वेळा उतरले. गेली काही वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या शेडमध्ये पोरांना शिकवते. माझ्या हाताखालून अजून कोणी आंतरराष्ट्रीय बर्फावर गेलेलं नाही. पण रस्ता कुठून जातो आणि खड्डे कुठे आहेत हे आता चांगलं माहीत झालंय.

पहिली पायरी : आधी पाय बघायला शिका

घरी बसून करायचं पहिलं काम म्हणजे हा खेळ नेमका कोणता ते ओळखणं. बर्फावर जोडीनं चालणारे दोन वेगळे प्रकार आहेत. पेअर स्केटिंगमध्ये मुलगा मुलीला डोक्यावर उचलून तोलतो, हवेत फेकतो, दोघं दोन-तीन गिरक्यांच्या उड्या मारतात. आइस डान्समध्ये यातलं काही नाही. उचलणं आहे, पण हात ताठ करून डोक्यावर तोलायचं नाही. फेकणं नाही, मोठ्या उड्या नाहीत. जे आहे ते पावलांचं काम, एकमेकांच्या अगदी जवळ राहून वेगात वळणं, आणि ताल. म्हणजे ज्या गोष्टीसाठी लहानपणापासून रोज बर्फ लागतो, त्या उड्याच इथं वगळल्यात. आपल्यासारख्यांना हा प्रकार त्यातल्या त्यात जवळचा वाटतो तो यामुळेच.

ऑलिंपिकमध्ये आइस डान्स आला १९७६ साली, इन्सब्रुकला. आजच्या स्पर्धेत दोन भाग असतात. पहिला ऱ्हिदम डान्स, साधारण दोन मिनिटं पन्नास सेकंदांचा. त्यात ताल किंवा विषय दर हंगामाला ठरवून दिलेला असतो. दुसरा फ्री डान्स, वरिष्ठ गटात चार मिनिटांचा. गुण दोन हिश्शांत मिळतात : काय केलं आणि कसं केलं.

व्हिडिओ लावला की पोरं कपडे आणि चेहरे बघतात. आवाज बंद करा, आणि स्क्रीनचा वरचा भाग चक्क हातानं झाकून फक्त पावलं दाखवा. कोणता पाय जमिनीवर, कोणत्या बाजूला कललेला, कधी बदलला. दोघांची पावलं एकाच क्षणी वळली की नाही. दहा मिनिटं असं बघितलं की पोरगं स्वतःच विचारतं, "मॅडम, ते एका पायावर भिंगरीसारखे फिरत फिरत पुढं कसे गेले?" त्याला ट्विझल म्हणतात, आणि ते डोळ्याला दिसायला लागलं म्हणजे पोरगं खेळात शिरलं.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमधला मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीचा भारतीय नाच अवश्य दाखवा. त्या वर्षी लोकनृत्याचा विषय होता, त्यांनी हिंदी सिनेमातल्या गाण्यांवर नाच बसवला आणि रौप्यपदक घेऊन गेले. आमच्या शेडमध्ये तो सगळ्यात जास्त वेळा बघितला जातो. आपली दंडार कधी कोणी बर्फावर नेली तर काय मजा येईल, असं मला दर वेळी वाटतं.

दुसरी पायरी : कोबा शोधा

डांबरी रस्ता नको, शाळेचं फरशीचं पटांगण नको. शहाबादी फरशीच्या सांध्यात चाक अडकतं आणि मंगल कार्यालयातल्या गुळगुळीत टाइल्सवर चाक पकडच घेत नाही. हवा घोटलेला सिमेंटचा कोबा, वर पत्रा असला तर सोनं. असा कोबा तालुक्याच्या गावी बहुधा एकाच ठिकाणी सापडतो : बाजार समितीचं लिलावाचं शेड. जिनिंगचं आवारही चालतं, पण तिथे हंगाम लांब असतो आणि ट्रक फिरतात.

शेड मिळालं की रोजचं पहिलं काम झाडणं. हे मी चेष्टेनं सांगत नाही. सोयाबीनचा एक दाणा चाकाखाली आला की चाक जागच्या जागी थांबतं आणि पोरगं मात्र पुढे जातं. दाणा गोल, टणक आणि कोब्याच्याच रंगाचा, दिसत नाही. माझ्या डाव्या मनगटावरची जुनी सूज अशाच एका दाण्याची देणगी आहे. तूर त्या मानानं बरी, ती फुटते. कापसाचं वेगळंच, रुईचा तंतू चाकाच्या आसाला गुंडाळत जातो आणि आठवड्याभरात चाक जड होतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे : आधी खराटा, मग मऊ झाडू, मग सगळ्यांनी ओळीनं चालत डोळ्यांनी फरशी तपासायची. वीस मिनिटं जातात. जाऊ द्या.

वेळ पहाटेची ठेवा. एप्रिल-मे-जूनमध्ये साडेपाच ते साडेसात, त्यानंतर एक मिनिट नाही. पत्र्याखाली उष्णता वरून येते आणि कोबा खालून तापतो. पाण्यासोबत मीठ घातलेलं ताक ठेवा.

तिसरी पायरी : स्केट्स

इथे पालकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. हजार-दीड हजाराचे, मापात कमीजास्त होणारे, पट्ट्याचे स्केट्स महिनाभर उभं राहायला शिकण्यापुरते ठीक. एका ओळीत चार चाकं असलेले, स्पीडवाले इनलाइन स्केट्स या कामाला नकोत. त्यांवर वळणाचं बारीक काम होत नाही. पाहिजेत ते घोट्याच्या वर चढणारे, लेसचे चामडी बूट, खाली दोन-दोन चाकांच्या दोन जोड्या, पुढे रबराचा ठोकळा. याला क्वाड म्हणतात. वापरलेली चांगली जोडी नागपूर-अमरावतीच्या क्लबमधून मिळते, कारण पोरांचे पाय वाढतात आणि बूट शिल्लक राहतात. नवी घ्यायची घाई करू नका.

आणि कृपा करून वाढत्या अंगाचे घेऊ नका. शाळेचा गणवेश दोन वर्षं पुरावा म्हणून मोठा घेतात तसे बूट घेतले की आत पाय हलतो, आणि ज्याचा पाय आत हलतो त्याला काठ, म्हणजे पाय कलवून ज्यावर चालायचं ती धार, कधीच सापडत नाही. "मोज्याचे दोन जोड घालीन ना बापा" म्हणून पोरं फसवतात. एकच पातळ मोजा, टाच मागे घट्ट, बोटं पुढे नुसती टेकलेली.

चाकांच्या जोडीला धरून ठेवणारा भाग बुटाखाली असतो, त्याला ट्रक म्हणतात. त्याची नटबोल्ट किती घट्ट यावर सगळं वळण अवलंबून. दुकानातून येतात तेव्हा ती आवळलेली असते, स्केट सरळ पळतो पण कलत नाही. पोरगं स्थिर झालं की पान्यानं पाव फेरा सैल करा, आठवड्यानं आणखी पाव. रबरी गुटका दबायला लागला की पाय कलला तसा स्केट वळतो.

बेअरिंग महिन्याला धुवा. जेवणाच्या ताटलीत नाही, जुन्या डब्याच्या झाकणात रॉकेल किंवा पेट्रोल घ्या, आगीपासून लांब. बेअरिंग बाहेर काढून बुडवायचं, बोटावर धरून फिरवायचं. पहिलं पाणी काळं निघतं, आपल्या काळ्या मातीचं. दुसऱ्या धुण्यात स्वच्छ. कापडावर वाळवून शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब, एकच. बऱ्याच क्वाडमध्ये ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, ते मोटर वाइंडिंगवाल्याकडेही सापडतं. सुरुवातीला जड फिरलं तरी बिघडत नाही; डान्सला सुसाट चाक लागत नाही.

चौथी पायरी : काठ

इथे थांबा आणि वर्षभर इथेच राहा, असा माझा सल्ला आहे.

बर्फाच्या स्केटचं पातं म्हणजे सुरी नव्हे. ते साधारण चार मिलिमीटर रुंद असतं, खालून मध्ये खोलगट, त्यामुळे त्याला दोन धारा असतात : एक पायाच्या आतल्या बाजूची, एक बाहेरच्या. आइस डान्स म्हणजे या दोन धारांवर, पुढे आणि मागे, दोन्ही पायांनी केलेला प्रवास. दोन पाय, दोन दिशा, दोन धारा. आठ काठ झाले. आमच्याकडे आम्ही धारेला काठच म्हणतो. चाकाला धार नसते, पण पाय कलवला की चाकांवरही नेमके हेच आठ काठ मिळतात. म्हणूनच म्हटलं, बर्फ सोडून सगळं.

शिकवायची रीत अशी. एक दोरी घ्या, अडीच-तीन मीटरची. एकानं मधोमध बसून एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाला खडू बांधून भोवती फिरायचं. पाच-सहा मीटर व्यासाचं वर्तुळ उमटतं. त्याला चिकटून दुसरं. इंग्रजी आठ झाला. कबड्डीच्या मैदानाची फक्की वापरू नका, तिच्यावर चाक घसरतं, खडूच पाहिजे. आता दोन वर्तुळं जिथे चिकटतात तिथून एका पायावर सुटायचं आणि एकाच ढकलीत अख्खं वर्तुळ पुरं करून परत यायचं. दुसऱ्या पायानं दुसरं.

सांगायला सोपं. पहिल्या महिन्यात पोरगं पाव वर्तुळात दुसरा पाय टेकवतं. कारण बाहेरच्या काठावर जायचं तर अंग त्या बाजूला झोकावं लागतं जिथे आधाराला दुसरा पाय नाही. मन घाबरतं. मी त्यांना सायकल आठवायला सांगते. गल्लीच्या कोपऱ्यावर वेगात वळताना सायकल कलते, आपण तिच्यासोबत कलतो, पण कमरेत वाकत नाही. इथे तेच : घोट्यापासून डोक्यापर्यंत एकच तिरकी रेघ. गुडघा मात्र मऊ. कमरेत मोडलं की काठ गेला.

पोरगं खरंच काठावर आहे का, हे ओळखायची माझी खूण म्हणजे आवाज. सपाट चाकं कोब्यावर खडखड करतात. काठ लागला की आवाज खाली जातो, जात्याच्या घरघरीसारखा एकसंध होतो. डोळे मिटून वर्गाकडे पाठ करून उभी राहिले तरी मला कळतं कोणाचा पाय टेकला.

आठ काठ बसले की वळणं. एकाच पायावर पुढून मागे वळायचं, पाऊलवाटेचा आकार तीनच्या आकड्यासारखा उमटतो म्हणून थ्री टर्न. पाय बदलून पण काठाची बाजू तीच ठेवून वळलं की मोहॉक. पाय आणि काठ दोन्ही बदलले की चॉक्टॉ, आणि तो आला की पोरगं आठवडाभर घरच्यांना अंगणात अनवाणी करून दाखवतं. ट्विझल सगळ्यात शेवटी.

या वर्षात पालक वैतागतात. "हे गोल गोल काहून फिरून रायली? नाच कधी शिकवता?" एका बापानं तर पोराला स्पीडच्या वर्गाला नेऊन घातलं, तिथे दोन महिन्यांत पदक मिळालं. माझी तक्रार नाही. स्पीडमध्ये पदक लवकर येतं, शालेय स्पर्धांतही बहुतेक ठिकाणी त्याचीच चलती आहे. ज्याला ते हवं त्यानं तिकडेच जावं.

पाचवी पायरी : ताल भजनी मंडळाकडून

सुरुवातीचे जे ठरावीक नाच असतात, ज्यांची पावलं आणि वाट आधीच आखून दिलेली असते, त्यांतला एक डच वॉल्ट्झ. तीन ठोक्यांचं संगीत, मिनिटाला १३८ ठोके. दुसरा कॅनास्टा टँगो, चार ठोक्यांचा, मिनिटाला १०४. नावं ऐकून घाबरू नका. तीन-तीनचा ताल म्हणजे आपला दादरा : धा धी ना, धा ती ना. चार-चारचा म्हणजे केरवा. तुमच्या गावच्या भजनी मंडळातला तबलजी किंवा खंजिरी वाजवणारा हे झोपेत वाजवतो. मी आमच्या गावच्या एका काकांना रविवारी शेडमध्ये बसवते. फोनवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगानं ठोके देणारं अ‍ॅप, १३८ वर लावायचा, त्यांनी त्यावर दादरा धरायचा, पोरांनी आधी टाळ्या, मग चालणं, मग स्केट्सवर पावलं. काका पहिल्या दिवशी म्हणाले, "येवढा धावता दादरा भजनात म्हटला त महाराज उठून जातीन." पण धरला.

तालाची परीक्षा सोपी आहे. संगीत मध्येच बंद करा, दहा सेकंदांनी परत सुरू करा. पोराचं पाऊल समेवर पडलं तर पास.

सहावी पायरी : जोडीदार

खरी अडचण ही, आणि ती बर्फापेक्षा मोठी आहे. आइस डान्स म्हणजे मुलगा-मुलगी हातात हात धरून, कमरेला हात लावून, तोंडासमोर तोंड. आमच्या गावात पहिल्यांदा मी वॉल्ट्झची पकड शिकवली तेव्हा संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर चर्चा पोचली होती. ज्या पोरीला शिकवत होते तिच्या आजीनं मला घरी बोलावून चहा दिला आणि नंतर शांतपणे सांगितलं, उद्यापासून येणार नाही.

त्यातून जे शिकले ते सांगते. पहिली तीन-चार वर्षं जोडीचा आग्रहच धरू नका. चाकांच्या खेळात सोलो डान्स हा स्वतंत्र प्रकार आहे. तीच पावलं, तेच ताल, एकट्यानं. पोरीला त्यातच पुढे जाऊ द्या. जोडीच्या पकडी शिकवायच्या तर मुलगी-मुलगी, मुलगा-मुलगा अशा शिकवा. हात कुठे, खांदा किती उघडा, एकमेकांच्या पायात पाय न घालता कसं जायचं, हे कळायला जोडीदार कोण यानं फरक पडत नाही. शेजारी शेजारी उभं राहून धरायची किलियन पकड आधी घ्या, समोरासमोरची नंतर.

घरात सख्खे किंवा चुलत भाऊ-बहीण असतील तर डोळे उघडे ठेवा. हे गावाला पटवण्यापुरतं नाही, या खेळात भाऊ-बहिणींच्या जोड्या खरोखर वरपर्यंत गेल्यात. माया आणि अ‍ॅलेक्स शिबुतानी या अमेरिकन भाऊ-बहिणीनं २०१८ ला प्यॉन्गचँग ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकलं. इझाबेल आणि पॉल दुशने १९९१ ला फ्रान्ससाठी जगज्जेते झाले, पुढच्या वर्षी ऑलिंपिकचं रौप्य. मी त्या आजीला शिबुतानींचा व्हिडिओ दाखवला होता. तिनं सगळा बघितला, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे राखी बांधते का याले?" नात परत आली, तिच्या मावसभावासोबत.

बाहेरचा जोडीदार घ्यायचाच तर आधी दोन्ही घरच्या आयांना एकत्र बसवा, सराव कायम उघड्या शेडमध्ये, आणि एक तरी पालक हजर. हे नियम पोरींच्या सुरक्षेसाठी आहेत आणि माझ्यासारख्या कोचलाही लागू आहेत. उंचीचा फरक, स्वभाव, कोण किती वेळ पाळतो, हे सगळं त्यानंतर. जोडी तुटते ती बहुतेक वेळा उशिरा येण्यावरून.

सातवी पायरी : कागद आणि स्पर्धा

थोडक्यात. चाकांवरचा आर्टिस्टिक प्रकार भारतात रोलर स्केटिंग फेडरेशन ऑफ इंडियाच्या अखत्यारीत येतो. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी उतरंड. जिल्हा संघटनेत नोंदणी करा, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी ठेवा. ही उतरंड कुठवर नेते याचं एक उदाहरण : अनुप कुमार यामा यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चाकांवर फ्री स्केटिंगचं कांस्य घेतलं आणि अवनी पांचाळ यांच्यासोबत जोडीचंही.

जन्मदाखला आणि आधार यांवरचं नाव एकसारखं आहे का, हे आजच तपासा. माझी एक पोरगी तयारी करून, पोशाख शिवून, स्पर्धेच्या टेबलापर्यंत गेली आणि दाखल्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं म्हणून बाकावर बसून परत आली. दुरुस्तीला चार महिने लागले.

आठवी पायरी : बर्फ

आठ काठ, थ्री टर्न, मोहॉक आणि दोन ठरावीक नाच चाकांवर पक्के झाल्याशिवाय बर्फाचं तिकीट काढू नका. आधी गेलात तर पैसे देऊन कठडा धरून उभं राहाल.

जायचं कुठे? नागपूरहून रात्रीच्या गाडीनं दिल्ली आणि तिथून मेट्रोनं गुरुग्राम, तिथल्या मॉलमध्ये बारमाही रिंक आहे, पूर्ण मापाचं नाही पण शिकायला पुरतं. देहरादूनला महाराणा प्रताप स्पोर्ट्स कॉलेजच्या आवारातलं रिंक आंतरराष्ट्रीय मापाचं, साठ बाय तीस मीटर. ते २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलं, मग कित्येक वर्षं बंद राहिलं आणि २०२५ मध्ये हिमाद्री नावानं पुन्हा सुरू झालं. शिमल्याचं रिंक १९२० पासूनचं, उघड्यावरचं, थंडीनं गोठणारं. डिसेंबर ते फेब्रुवारीच, तेही सकाळ-संध्याकाळ, आणि हवा उबदार झाली की बंद. लांबून जाणाऱ्यानं त्याच्या भरवशावर राहू नये. निघण्याआधी फोन करून सरावाच्या वेळा विचारा. सुट्टीच्या दिवशी रिंकवर वाढदिवसाची गर्दी असते, त्यात काठ शिकता येत नाहीत. एका खेपेत निदान चार-पाच दिवस राहा. पहिला दिवस नुसता भीती जायला लागतो.

चाकांवरून बर्फावर जाणाऱ्याला नडणारी सवय एकच, पुढच्या ठोकळ्याची. चाकांवर थांबायचं तर आपण मागे पाय नेऊन रबर घासतो. बर्फाच्या पात्याला पुढे दाते असतात. मी पहिल्या दिवशी, अंगवळणी पडल्यासारखा, पाय मागे ओढला. दाते बर्फात रुतले आणि मी हनुवटीवर. तेव्हा वजन पात्याच्या मधोमध, आणि थांबायचं ते पातं आडवं घासून. बाकी सगळं ओळखीचं वाटतं, उलट बर्फ चाकापेक्षा सोपा वाटतो. काठ लागला की तो धरून ठेवतो, कोब्यासारखा अडवत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मला माझं पहिलं पूर्ण वर्तुळ मिळालं आणि मागे वळून बघितलं तर बर्फावर त्याची बारीक पांढरी रेघ उमटलेली होती. चाकं अशी रेघ सोडत नाहीत. त्या रेघेवरून कळतं काठ कुठे डळमळला.

सोबत सुती हातमोजे, गुडघ्याचे पॅड, पातळ मोजे, एक स्वेटर. भाड्याचे बूट बहुधा ढिले आणि बोथट असतात, तेव्हा बुटांचे दोन-तीन जोड घालून बघून घ्यायला लाजू नका. स्वतःचे घ्यायची वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा की डान्सचं पातं मागून आखूड असतं, जवळ जवळ चालताना जोडीदाराच्या पात्यावर चढू नये म्हणून. वापर झाला की पातं कापडानं कोरडं करायचं, नाहीतर गंज. आणि धार लावायला सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याला देऊ नका. तो बिचारा मनापासून सुरीसारखी धार लावून देईल आणि मधली खोलगट जागा, म्हणजे दोन्ही काठ, जातील. हे घडलेलं आहे. नवं पातं होतं.

नववी पायरी : त्यापुढचा हिशोब

बर्फावरची राष्ट्रीय स्पर्धा आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडिया घेते, जागतिक संघटना इंटरनॅशनल स्केटिंग युनियन. आंतरराष्ट्रीय ज्युनियर गट तेराव्या वर्षापासून सुरू होतो; वरिष्ठ गटासाठी १ जुलैला किमान सतरा पूर्ण लागतात. ही मर्यादा आधी पंधरा होती, वाढली ते आपल्या पथ्यावरच पडलं, उशिरा सुरू करणाऱ्याला थोडी सवड मिळाली. जागतिक स्पर्धेत जोडीतला एक जण दुसऱ्या देशाचा चालतो. ऑलिंपिकला मात्र दोघंही त्याच देशाचे नागरिक हवेत, आणि भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी जोडीदार शोधण्याआधी हे डोक्यात असू द्या.

पैशाचं सरळ सांगते. चाकांवर राष्ट्रीय पातळीपर्यंत मध्यम शेतकऱ्याचं घर ओढूनताणून जाऊ शकतं. बर्फावर वर्षातून दोन-तीन खेपा म्हणजे एखाद्या एकरातल्या कापसाचा पैसा त्यातच जातो. त्याच्या पुढे रोजचा बर्फ लागतो, म्हणजे गाव सोडणं; आणि अगदी वरच्या पातळीच्या जोड्या माँट्रियलसारख्या ठिकाणी सराव करतात, जिथे बर्फ, कोच, नाच बसवणारा, पोशाख प्रत्येकाचं बिल वेगळं. ते घरातून होत नाही. प्रायोजक, सरकारी मदत, कोणी तरी लागतं. इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधली जेन टॉर्व्हिल विमा कंपनीत कारकून होती, ख्रिस्तोफर डीन पोलिसात. नोकऱ्या सोडून पूर्ण वेळ सराव करता आला तो त्यांच्या शहराच्या कौन्सिलनं पैसे दिले म्हणून, आणि १९८४ ला साराजेव्होत ऑलिंपिकचं सुवर्ण आलं. मी हे आमच्या नगराध्यक्षांना सांगून बघितलंय. ते हसले, पण शेडमध्ये दोन ट्यूबलाइट लागल्या.

शेत विकायचं नाही, कर्ज काढायचं नाही, दहावी-बारावी सोडायची नाही. या तीन गोष्टी मी पहिल्याच भेटीत पालकांकडून वदवून घेते. दुसरीकडे, एक समाधानाची बाब : डान्सवाले उड्या मारणाऱ्यांपेक्षा जास्त वर्षं टिकतात. अमेरिकेच्या मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्स यांनी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन जागतिक अजिंक्यपदं घेतली तेव्हा बेट्स तिशी कधीच ओलांडून गेला होता. आणि खेळ थांबला तरी काठ आणि ताल शिकलेलं माणूस शिकवू शकतं, नाच बसवू शकतं, परीक्षक होऊ शकतं. त्यासाठी शारीरिक शिक्षणाची पदवी जवळ असावी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आपल्यासाठी दिल्लीपेक्षा जवळ.

सुरुवात करणाऱ्यांसाठी शेवटचं एक, कारण दर वर्षी लोक इथेच चुकतात. शेडचा अर्ज मे महिन्यात देऊ नका. तुरीची आवक ओसरते तेव्हा, म्हणजे मार्चअखेर, बाजार समितीच्या सचिवांच्या नावानं लेखी द्या : किती पोरं, किती ते किती वाजता, कोण जबाबदार. "रोज झाडून देऊ" हे वाक्य त्यात ठळक लिहा. आमचा अर्ज त्या एका वाक्यावर मंजूर झाला होता. पोच घ्यायला विसरू नका.